हावेआचा व्हिला आणि 79,000 युरोंचा विसार

स्पेनमध्ये समुद्राजवळ घर घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी विसाराचे पैसे पाठवण्याआधी हे वाचावं, एवढीच विनंती. आमचे 79,000 युरो गेले. त्यातले बरेचसे नाशिकला गंगापूर रोडचा बाबांचा प्लॉट विकून आलेले होते.

आम्ही सोळा वर्षं नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला राहतो. पासपोर्ट अजून भारतीयच. जानेवारी 2025 मध्ये हावेआतल्या एका व्हिलाची जाहिरात दिसली. अलिकांतेच्या उत्तरेला, कोस्ता ब्लांकावरचं हे गाव. पाठीशी मोंगो डोंगर, समोर भूमध्य समुद्र. व्हिला नवा, पांढरा, सपाट छपराचा, समुद्राकडची अख्खी भिंत काचेची. किंमत 7,90,000 युरो. आम्ही पाहिलेले त्या तोडीचे बाकीचे व्हिला दहा लाखांच्या पुढे होते. मालकांचा घटस्फोट चाललाय, म्हणून लवकर काढायचंय, असं एजंट म्हणाला.

घाईचं खरं कारण मात्र त्यानं बातम्यांतूनच उचललं. त्याच महिन्यात स्पेनच्या पंतप्रधानांनी युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर घराच्या किमतीच्या 100 टक्क्यांपर्यंत कर लावायचा मनोदय जाहीर केला होता. शिवाय पाच लाख युरोंच्या घरावर मिळणारा गोल्डन व्हिसा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, 3 एप्रिल 2025 पासून बंद होणार होता. दोन्ही बातम्या खऱ्या. त्या कराची तेव्हा नुसती घोषणा होती, आणि गोल्डन व्हिसा तर आम्हाला नकोच होता. पण ‘तुमचा पासपोर्ट भारतीय, उद्या नियम बदलला तर?’ या एका वाक्यानं आम्ही हललो.

फेब्रुवारीत घर पाहायला गेलो. वाटेत बदामाची झाडं फुललेली. एजंट फाटकाशी उभा होता. कोड दोनदा चुकला, मग फोन काढून त्यात बघून त्यानं तो टाकला. आत गेल्यावर बायकोनं स्वयंपाकघरातला खण उघडला, तर वर लॅमिनेट केलेला कागद: वायफायचा पासवर्ड, कचऱ्याचे वार, पूलचे टॉवेल घरी नेऊ नयेत, आणि खाली ‘व्हीटी’नं सुरू होणारा नंबर. तिकडे पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या घरांना असा नोंदणी क्रमांक असतो. ती मला हळूच म्हणाली, “अहो, हे कुणाचं राहतं घर नाही वाटत.” एजंटला विचारलं, तर म्हणाला, मालक अधूनमधून भाड्यानं देतात. मला ते पटलं. घर त्यानं आठवडाभरासाठी स्वतःच भाड्यानं घेतलं होतं, हे नंतर कळलं.

कागद मागितले, ते लगेच मिळाले. स्पेनमध्ये नोंदणी कार्यालयाचा ‘नोता सिम्प्ले’ नावाचा उतारा असतो. मालक कोण, कर्ज किती, जप्ती आहे का, हे त्यावर कळतं. आपल्याकडे सातबारा आणि इंडेक्स टू बघतो, तसाच. एजंटनं त्याची पीडीएफ पाठवली, मालकाच्या पासपोर्टची प्रत पाठवली, दोन्ही नावं जुळत होती. वकीलबाईही त्यानंच सुचवल्या. त्या बाईंचा क्रमांक वकील संघटनेच्या यादीत शोधता येतो, तो मी शोधला नाही.

आधी 6,000 युरो आरक्षणाचे. मग ‘आरास’, म्हणजे विसाराचा करार. तिथल्या दिवाणी संहितेच्या 1454 व्या कलमात आहे की घेणारा मागे हटला तर विसार जातो, आणि विकणारा हटला तर दुप्पट परत द्यावा लागतो. हे कलम एजंटनं मला दोनदा वाचून दाखवलं. दुप्पट मिळेल या शब्दानं मनाला केवढा आधार वाटला! पण सही करणारा मालकच नसेल तर ते कलम कुणाला लावायचं? एकूण 10 टक्के ठरले होते, म्हणून उरलेले 73,000 पाठवले. खाते क्रमांकाची सुरुवात स्पेनच्या ‘ईएस’नं नव्हती, ‘एलटी’नं होती, म्हणजे खातं लिथुआनियाचं. परदेशी ग्राहकांसाठी वेगळं खातं, असं उत्तर मिळालं. बँकेच्या अ‍ॅपवर ‘नाव पडताळता आलं नाही’ अशी ओळ आली होती. मी ‘पुढे’ दाबलं. (खातेदाराचं नाव ताडून सांगणं युरो क्षेत्रातल्या बँकांना 9 ऑक्टोबर 2025 पासून बंधनकारक झालं, आमचे पैसे त्याआधीचे.)

खरेदीखताची तारीख तीनदा पुढे गेली. चौथ्यांदा फोनच लागेना. त्या रात्री मी नोंदणी अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून स्वतः नोता सिम्प्ले मागवला. खर्च नऊ युरो आणि वर कर. दुसऱ्या दिवशी दुपारी ईमेलमध्ये आला. मालक दुसरेच, एक जोडपं, घरावर बँकेचं कर्ज. घराचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक मात्र दोन्ही कागदांवर तोच. एजंटची पीडीएफ मोठी करून पाहिली, तेव्हा दिसलं की फक्त नावाच्या ओळीतली अक्षरं किंचित जाड आहेत.

आमचा प्लॉट ज्यानं घेतला, त्या माणसानं नाशिकला विसार देण्याआधी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वतःच्या वकिलाकडून काढून घेतला होता. मी दिलेल्या कागदावर तो विसंबला नाही, आणि तेव्हा मला त्याचा थोडा रागही आला होता.

ही फसवणूक नोटरीपर्यंत जातच नाही, हे नीट समजून घ्या. तिथे नोटरी सहीच्या आधी नोंदणी कार्यालयाकडून मालकी तपासून घेतो, त्यामुळे भामटा त्याच्यासमोर टिकणार नाही. म्हणून सगळे पैसे त्याआधी, खासगी करारावर काढून घेतले जातात. विसाराची रक्कम नोटरीकडे अनामत ठेवता येते. मी तसं सुचवलंसुद्धा नाही. समोरच्यानं त्याला नकार दिला असता, तर तिथेच उलगडा झाला असता.

बँकेनं पैसे परत मागवायचा प्रयत्न केला, तोवर ते पुढे गेले होते. इथल्या पोलिसांत तक्रार केली, मग हावेआला जाऊन तिथेही. जबाबाच्या प्रत्येक पानावर सही केली. खऱ्या मालकांनाही कळवलं. ते बिचारे हादरले, कारण त्यांच्या पासपोर्टवर नव्हे, पण त्यांच्या घरावर हे सगळं झालं होतं.

बाबा नाहीत आता. आईला अजून सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात तेच फोटो दुसऱ्या गावाच्या नावानं पुन्हा दिसले. किंमत 8,20,000. काचेची भिंत, पूल, स्वयंपाकघराचा ओटा, सगळं तेच. मी जाहिरातीचे स्क्रीनशॉट पोलिसांना पाठवले आहेत. तुमच्याकडे असे फोटो कुणी पाठवले असतील, तर पैसे भरण्याआधी मला विचारा. रात्री दोन वाजता विचारलंत तरी चालेल.