मेरियम-वेबस्टरचा ऑनलाइन शब्दकोश आणि ‘स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड’

शरीररचनाशास्त्रातील संज्ञांचे उच्चार तपासण्यासाठी मी मेरियम-वेबस्टरचा मोफत ऑनलाइन शब्दकोश वापरते, आणि ‘स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड’सारख्या शब्दावर त्याचा कस लागतो. मान उजवीकडे वळवली की डाव्या कानामागून छातीकडे तिरका उठून दिसणारा हा स्नायू. फिजिओथेरपीच्या वर्गात त्याला ‘एससीएम’ म्हणून काम भागते, पण तोंडी परीक्षेत पूर्ण नाव घ्यायची वेळ आली की अनेकांच्या तोंडून ‘क्लिडो’ निघते.

ध्वनिमुद्रणात ‘क्लाय’ स्वच्छ ऐकू येते आणि मुख्य आघात ‘मॅ’वर असल्याचे उच्चारलेखनातही दाखवलेले आहे. मला मात्र या नोंदीत सर्वांत मोलाची वाटते ती तिच्यातील विसंगती. ठळक शब्दातील टिंब ‘मॅस’ आणि ‘टॉइड’ यांच्यामध्ये येते, तर उच्चारलेखनातील आडवी रेघ ‘मॅ’ आणि ‘स्टॉइड’ यांच्यामध्ये. ही चूक नव्हे: टिंबे ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हे सांगतात, उच्चारातली अक्षरे रेघांनी कळतात. बरीच वर्षे मी टिंबांनाच उच्चाराची फोड समजत होते. नोंदीशेजारीच एका वाक्यात हा खुलासा असता तर नव्या विद्यार्थ्यांची मोठी सोय झाली असती.

ग्रीक अर्थाने फोड केली तर शब्द तिसऱ्याच ठिकाणी तुटतो. स्टेर्नॉन म्हणजे छाती, क्लेइस म्हणजे किल्ली आणि त्यावरून जत्रुक (गळ्याखालचे आडवे हाड), मास्टॉस म्हणजे स्तन, एइडॉस म्हणजे रूप. कानामागचा हाडाचा उंचवटा स्तनाच्या आकाराचा म्हणून ‘मास्ट’ आणि ‘ऑइड’. देवनागरीत आपण ‘मॅ’ आणि ‘स्टॉ’ असे लिहितो, म्हणजे लेखन रेघेच्या बाजूने जाते. पण जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू मानणारा आपला कान ‘स’चा भार मागच्या ‘मॅ’वर टाकतो आणि टिंबाच्या बाजूने झुकतो. वृत्ते शिकलेल्या विद्यार्थ्याला हे सांगितले की फरक पटकन उमगतो.

उच्चार अमेरिकी आहे. मात्र ‘स्टर्’मधला ‘र्’ त्यात पूर्ण ऐकू येतो आणि आपणही तो गाळत नाही, त्यामुळे या शब्दापुरते ते ध्वनिमुद्रण मी वर्गात निःशंकपणे ऐकवते.