पंचमच्या दोन संध्याकाळी: एक ६९९ ची, एक २५० ची

आधीच सांगून टाकतो, दोन्ही ग्रुपची नावं लिहिणार नाहीये. पहिल्यांचं घेतलं तर भांडणं होतील, आणि दुसऱ्यांचं घेतलं तर पहिले कोण ते लगेच कळेल कारण एक वादक दोन्हीकडे आहे, त्याच्या पोटावर पाय यायला नको. ज्यांना आर. डी. बर्मनच्या, म्हणजे संगीतकार पंचमच्या, गाण्यांच्या कार्यक्रमांना जायची सवय आहे त्यांना नावाशिवायही कळेल मी कशाबद्दल बोलतोय.

तर २७ जून, पंचमचा वाढदिवस, पुण्यात त्या आठवड्यात दर दोन दिवसांनी कुठे ना कुठे पंचम असतोच. आमच्या दाजींना (मोठ्या बहिणीचे मिस्टर, वय ५८, आर. डी. म्हणजे दैवत) गिफ्ट म्हणून मी चार तिकिटं काढली, ६९९ चं एक, वर ऑनलाइन बुकिंगचे चार्जेस वेगळे, म्हणजे तीन हजारांना चुना. जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'संपूर्ण लाइव्ह वाद्यवृंद, १४ वादक'. पडदा उघडला आणि खरंच १४ जण, सगळे काळ्या कोटात, मागे चार व्हायोलिनं, सॅक्सोफोन, ॲकॉर्डियन, दोन कीबोर्ड, नुसतं बघूनच दाजी खूश. साउंड तर काय विचारता, अगदी सीडी लावल्यासारखा. तिथेच मला शंका यायला हवी होती.

'रूप तेरा मस्ताना' झालं, त्यातलं ॲकॉर्डियन ऐकून दाजींनी माझ्या मांडीवर चापट मारली, म्हणाले हे मूळ रेकॉर्डवर कर्सी लॉर्डनं वाजवलंय आणि सॅक्सोफोन मनोहारी सिंगचा, आणि हा पोरगा बघ डिट्टो वाजवतोय. डिट्टोच होतं. मीपण टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

मग आलं 'मेहबूबा मेहबूबा'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शोलेतल्या (१९७५) या गाण्यात तो जो फू-फू आवाज येतो ना, तो अर्ध्या भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर फुंकून काढलाय. निवेदिकेनं हे सगळं रंगवून सांगितलं, पाच मिनिटं तरी, आणि साइड ऱ्हिदमवाल्यानं (छोटी-मोठी तालवाद्यं वाजवणारा) खालून हिरवी बाटली उचलून लोकांना दाखवली, हशा, टाळ्या. गाणं सुरू झालं. आम्ही तिसऱ्या रांगेत डावीकडे, तो माणूस आमच्या बरोब्बर समोर. आणि आवाज आला तेव्हा बाटली त्याच्या छातीपाशी होती. ओठ अजून चार बोटं लांब. मला वाटलं माझाच भास. पुढच्या वेळी नीट बघितलं, त्यानं फुंकलं, बाटली खाली घेतली, मनगटानं तोंड पुसलं, आणि फू-फू चालूच.

"दाजी, बाटली बघा."

"अरे तू गाणं ऐक ना, बाटली काय बघतो?"

"आवाज आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकमधून येतोय."

"गप बस रे, लोक बघतायत."

एकदा डोक्यात किडा शिरला की गेला. मग मी सगळंच बघत बसलो. व्हायोलिनवाल्यांपुढे माइक होते पण एका गाण्यात एक जण चष्मा पुसत होता आणि व्हायोलिनं तेवढीच भरगच्च. आणि खरी मजा इंटरव्हलनंतर झाली, गायक एका अंतऱ्याला दोन मात्रा आधी आला. होतं असं, मोठमोठ्यांचं होतं. पण बँड खरा वाजवत असेल तर तबलेवाला मान वर करतो, कीबोर्डवाला एक बार (तालाचं एक आवर्तन) गिळतो आणि सगळे गायकाला गाठतात. इथे कुणी हललंच नाही, कारण हलायची सोयच नाही, ट्रॅक आपला पुढे चाललाय, बिचारा गायक मध्येच गप्प झाला आणि ओळ सोडून पुढची पकडली. 'वन्स मोअर' आला तेव्हाही तेच, शेवटचा तुकडा पुन्हा, अगदी तसाच्या तसा, केसाइतका फरक नाही.

घरी जाताना गाडीत वाद झाला. बहीण म्हणाली, कान तृप्त झाले ना, मग आवाज कुठून आला काय करायचंय. बायको म्हणाली, साध्या कराओकेला तू कधी नाक मुरडलं नाहीस. बरोबरच आहे ना, कराओके कराओके म्हणून विकला तर माझी काही तक्रार नाही, आमच्या सोसायटीत दर कोजागिरीला असतो, मी स्वतः बेसूर गातो. ट्रॅकवरचे कार्यक्रम १५० रुपयांत होतात, लोक हौसेनं जातात. पण 'संपूर्ण लाइव्ह' लिहून ६९९ घ्यायचे आणि बाटली नाटकातल्यासारखी हातात धरायची, हे मला नाही पटत.

आणि हो, मी काही सोवळ्यातला नाही. ऑक्टोपॅडमध्येही रेकॉर्ड केलेलेच आवाज भरलेले असतात, पण माणूस काठी मारतो तेव्हाच तो आवाज येतो, उशिरा मारली तर उशिरा येतो. ड्रमरच्या कानात क्लिक (लय सांगणारी टिकटिक) असतो तेही चालतं. पंचम स्वतः मशीनला घाबरणारा नव्हता, कर्सी लॉर्डनं सत्तरच्या दशकात सिंथेसायझर आणला तो त्याच मंडळींनी वापरला. दाजींचा एक मित्र तर कायम म्हणतो की 'मेहबूबा' मुळात डेमिस रूसोस या ग्रीक गायकाच्या गाण्यावरून घेतलंय, मग तुम्ही कसलं अस्सल-नक्कल करताय. चाल तिकडची आहे, मान्य. पण बाटली आपल्या लोकांची आहे ना, आणि मी पैसे बाटलीचे दिले होते.

आता दुसरा कार्यक्रम. ऑगस्टमध्ये दाजींनीच फोन केला, "चल, २५० आहे, गल्लीतला हॉल आहे, ट्रॅक निघाला तर मी तुला मिसळ देतो." गेलो. वर पत्रा, शंभरेक प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टेज म्हणजे वीतभर उंचवटा. वादक सहा. गिटार, बेस, कीबोर्ड, तबला-ढोलक, ड्रम्स आणि एक साइड ऱ्हिदमवाला, म्हणजे तोच, हिरव्या बाटलीवाला! दाजींनी मला कोपर मारलं.

साउंड सांगायचा तर यथातथा. पहिली दोन गाणी बेस इतका होता की खुर्चीला कळत होता आणि गायिकेचे शब्द कळत नव्हते. नंतर सुधारलं. व्हायोलिनांचे तुकडे एकट्या कीबोर्डवर, ते पातळच वाटतात, ती भरीव गादी येत नाही. निवेदक गृहस्थ नोटबुकात बघून बोलत होते पण माहिती पक्की, मारुतीराव कीर आणि अमृतराव काटकर या आपल्या मराठी माणसांची नावं मी स्टेजवरून पहिल्यांदा ऐकली. कीर तबल्याला आणि पंचमचे सहायकही, बासू-मनोहारी-मारुती या तिकडीतले, आणि काटकरांचं रेसो-रेसो, म्हणजे ते खाचांवरून काडी ओढून खर्र-खर्र वाजवतात ते. इथल्या पोरानं ते खरंच वाजवून दाखवलं, हॉल लहान असल्यानं काडीचा खरखरीतपणा जवळून ऐकू येत होता. 'चुरा लिया'ला काचेचा ग्लास आणि चमचा, पहिला टण् जरा जोरात पडला, लोक हसले, तोही हसला. 'तेरे बिना जिया जाए ना'ची फर्माईश आली तर सरळ सांगितलं, त्यात मादल (नेपाळी ढोल) लागतात, आमच्याकडे नाहीत, तबल्यावर केलं तर तुम्हीच शिव्या घालाल. मला हे फार आवडलं.

आणि मग बाटली. आधी त्यांनी पंखे बंद करायला लावले, वारा बाटलीच्या तोंडावर आणि माइकवर येतो म्हणून. ऑगस्टमधला पत्र्याचा हॉल, लोक कुरकुरले. त्यानं बाटलीत फुंकलं, कीबोर्डवाल्यानं सूर दिला, बाटली चढी लागत होती. तर या माणसानं काय करावं, एक घोट पाणी प्यायला. परत फुंकलं. अजून थोडी चढी. अजून अर्धा घोट. जुळली! पाणी कमी झालं की आत हवा जास्त आणि सूर खाली येतो, शाळेत शिकलेलं, पण त्याला घोटाघोटानं सुरात आणताना पहिल्यांदा बघितलं. दुसरी बाटली त्यानं उलट पाणी घालून वर चढवली. गाण्यात तीन-चार वेळा फुंकर हुकली, नुसतीच हवा गेली, शेवटी तर त्याला धाप लागली होती आणि कपाळावरून घाम. दाजी उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी पण.

एका गाण्यात गायिका अख्खा अंतरा विसरून थेट धृपदावर आली, तबलेवाल्यानं भुवई उडवली, बेसवाल्यानं मान हलवली, आणि दोन मात्रांत सगळे तिच्याबरोबर. निम्म्या हॉलला पत्ताही लागला नसेल.

नंतर मी बाटलीवाल्याला गाठलं, चहा घेत होता. जूनचा विषय काढला तर ओशाळला. म्हणाला, "तिकडे साहेब म्हणतात रिस्क नको. मी फुंकतो हो, पण माझ्या माइकचा आवाज खालीच ठेवलेला असतो." मग पैसे कुठे जास्त, विचारलं तर हसला, "तिकडे डबल. घर तिकडच्यावर चालतं." यावर मी काय बोलणार, त्याच्यासाठी अजून एक चहा सांगितला.

रेटिंग द्यायचं तर दुसऱ्यांना पाचपैकी चार, एक स्टार त्या बेससाठी कापला. पहिल्यांना वादकांसाठी दोन आणि जाहिरातीसाठी शून्य, बटाटेवडा मात्र चांगला होता.

दाजींनी ४ जानेवारीच्या, पंचमच्या पुण्यतिथीच्या कार्यक्रमाची चार तिकिटं आत्ताच काढलीयत, त्याच लहान हॉलची. जाणार असाल तर खुर्च्यांना नंबर नसतात, अर्धा तास आधी पोचा, गाडी मंदिरामागे लावा, डावीकडे बसा म्हणजे साइड ऱ्हिदम दिसतं. आणि जानेवारी असला तरी रुमाल ठेवा, बाटलीच्या गाण्याला पंखे बंद करतात.