पाडव्यापासून फेंगशुई: आठ महिन्यांत काय टिकलं, काय माळ्यावर गेलं

फेंगशुई म्हणजे घरातलं सामान दिशा बघून लावायचं चिनी शास्त्र, ते गुढीपाडव्याला चालू केलं आणि आता नोव्हेंबर संपत आलाय, म्हणजे आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पंधरा दिवसांत "घरात एकदम पॉझिटिव्ह वाटायला लागलं" म्हणून लिहिणारे पुष्कळ असतात, पण पंधरा दिवस तर नुसता पंखा पुसला तरी पॉझिटिव्ह वाटतंय.

आधी घर सांगते. कोल्हापुरात फुलेवाडीच्या बाजूला, पहिला मजला, दोन बेडरूम, दार पश्चिमेला आणि दारापुढं उघडी गॅलरी. नवरा गोकुळ शिरगावला फौंड्रीत, अर्धा महिना नाइट. मी घरात बसून चार-पाच दुकानांचं टॅलीचं काम बघते. मुलगी चौथीत. आणि सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्यांचं शुक्रवार पेठेतलं घर २०१९ ला पुराच्या पाण्यात गेलं, परत २०२१ ला गेलं, तेव्हापासून आमच्याकडं. म्हणजे दोन घरांचं सामान एका घरात. खरी अडचण ही होती, त्यातनंच मी या फेंगशुईपर्यंत पोचले.

मैत्रिणीच्या ओळखीनं एक कन्सल्टंट आले. व्हिजिट आणि वर "किट": लाफिंग बुद्धा, विंड चाइम, लकी बांबू, लाल दोऱ्यातली तीन चिनी नाणी आणि टेबलावरचं कारंजं. सगळं मिळून साडेसात हजार गेले. नवऱ्याला साडेतीन सांगितलेत, तो असलं काय वाचत नाही.

पहिली गडबड इथंच झाली. त्यांनी मोबाइलचा कंपास हॉलमधल्या लोखंडी कपाटाजवळ धरून दिशा काढल्या. मी संध्याकाळी गॅलरीत जाऊन बघितलं तर चांगला २५ डिग्रीचा फरक! आता बागुआ म्हणजे आठ दिशांचे आठ भाग, एकेक ४५ डिग्रीचा, त्यातला एक पैशाचा, आणि ल्वोपान म्हणून जो चिनी कंपास असतो त्यात तर १५-१५ डिग्रीचे २४ भाग पाडलेले असतात. मग २५ डिग्री इकडंतिकडं म्हणजे आपला पैशाचा कोपरा शेजाऱ्यांच्या बाथरूममधी. त्यात अजून एक पद्धत अशी की कंपास बघायचाच नाही, दारात उभं राहून आत बघायचं आणि लांबचा डावा कोपरा तो पैशाचा. कंपासनं माझा पैसा आग्नेयेला आला, दारावरनं काढला तर ईशान्येला, आणि ईशान्येला आमचा देव्हारा. तिथं नाणी टांगायला आत्यांनी चक्क नाही म्हणून सांगितलं.

मग कारंजं आग्नेयेला बसलं. फेंगशुईत आग्नेय लाकडाची, पाणी लाकडाला पोसतं म्हणून तिथं पाणी चालतं. वास्तूत तीच दिशा अग्नीची, तिथं पाणी अजिबात नाही. म्हणजे एकाच कोपऱ्यात दोन शास्त्रांची कुस्ती. आत्या चार दिवस गप्प बसल्या आणि पाचव्या दिवशी म्हणाल्या, "पानी म्हंजी पैसा म्हनं. २०१९ ला छातीएवढा पैसा घरात आल्ता की मग." यावर काय बोलायचं. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली का म्हणून पावसाळ्यात दर तासाला मोबाइल बघणाऱ्या माणसाला वाहत्या पाण्याचा आवाज ऐकून शांत वाटेल ही अपेक्षाच चुकीची होती. तरी मी जुलैपर्यंत ठेवलं. पंप क्षारानं अडकायला लागला, मग आठ-आठ दिवस बंद, पाणी तसंच साचलेलं, आणि डेंग्यूचं सर्वेक्षण करायला आलेल्या ताईंनी बॅटरी मारून आतल्या अळ्या मला दाखवल्या. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस बास होतात. कारंजं त्याच दिवशी पालथं झालं.

विंड चाइम मेपर्यंत गोड वाटला. जूनला पश्चिमेचा वारा सुटला आणि रात्रभर घंटा, नाइट करून झोपलेला माणूस दुपारी उठून खुर्चीवर चढला आणि काढून टाकला, एक शब्द बोलला नाही. लकी बांबूची पानं नळाच्या पाण्यानं आणि खिडकीतल्या उन्हानं पिवळी पडली, आता बाथरूमच्या खिडकीत आहे आणि बराय. (तो बांबू नाहीच बरं का, ड्रॅसिना आहे, मूळचा आफ्रिकेतला.) आणि लाफिंग बुद्धा म्हणजे गौतम बुद्ध नव्हे, बुदाई नावाचा दहाव्या शतकातला चिनी भिक्षू. बुदाई म्हणजे कापडी पिशवी. भाजीला जाताना पिशवी विसरायची नाही म्हणून मी त्याला दाराजवळ ठेवलाय, तेवढा उपयोग होतोय.

किट एवढंच. पण सामान लावायची जी पद्धत त्यांनी सांगितली, ती फुकट गेली म्हणता येणार नाही मला.

सगळ्यात मोठा फरक टेबलाचा. आधी माझं टेबल भिंतीकडं तोंड करून आणि दार पाठीमागं. नियम असा की बसणाऱ्याला दार दिसलं पाहिजे पण तो दाराच्या अगदी रेषेत नको, आणि पाठीमागं भिंत पाहिजे. फिरवलं. पहिल्या आठवड्यात काहीच नाही. मग एक दिवस जीएसटीची तारीख जवळ आलेली, दूधवाला आला, मुलगी आली, वरच्या वैनी आल्या, आणि संध्याकाळी लक्षात आलं की आज मी एकदाही दचकले नाही. आधी बेल वाजली की मान गर्रकन वळायची आणि केलेली एंट्री डोक्यातनं जायची. आता माणूस गॅलरीत आला की डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसतो. याला ची (घरात खेळणारी ऊर्जा, असं ते म्हणतात) म्हणा नाहीतर काय म्हणा, मानेचं दुखणं कमी झालं हे नक्की. खर्च शून्य, फक्त एक एक्स्टेन्शन बोर्ड लागला.

कॉटचं मात्र उलटं झालं. डोक्यामागं भक्कम भिंत पाहिजे म्हणून त्यांनी कॉट पश्चिमेच्या भिंतीला लावायला सांगितली, कागदावर एकदम बरोबर. जुलैत गादी उचलली तर कडेला काळी बुरशी आणि भिंतीचा रंग पापडासारखा सुटलेला. इथं सगळा पाऊस पश्चिमेनं झोडपतोय, ती भिंत ऑगस्ट संपेपर्यंत ओली असते हे गल्लीतलं पोरगंसुद्धा सांगेल. मग मी जरा वाचलं. फेंग म्हणजे वारा, श्वे म्हणजे पाणी. चौथ्या शतकातल्या ग्वो पू या पंडिताच्या नावावर जो जुना ग्रंथ सांगतात त्यात म्हटलंय की ची वाऱ्यानं विस्कटते आणि पाण्याशी येऊन थांबते. तो ग्रंथ मुळात दफनाची जागा कशी निवडायची याचा आहे. हे आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मंजी मढ्याचं शास्त्र व्हय? आनि तू त्येच्यावर कॉट लावलीस?" पण मुद्दा असा की तिकडं चीनमध्ये थंडीत उत्तरेकडनं बोचरा वारा येतो म्हणून उत्तरेला डोंगर पाठीशी आणि दक्षिणेला मोकळं, असं ते बसवलेलं. आपल्या वाऱ्याची आणि पाण्याची दिशा वेगळी. मग मी कॉट आतल्या कोरड्या भिंतीला घेतली, दार तिरकं दिसतंय, दोन्ही बाजूंनी उतरता येतंय. त्यांच्या नकाशात बसत नाही, बुरशी नाही.

कॉटखालचं सामान काढायला सगळ्यात जास्त दिवस लागले. कॉटखाली काही नको, ची अडते. आमच्या कॉटखाली पितळी डबे, दोन घागरी, गोधड्या आणि पुराच्या पाण्यातनं निघालेली एक पत्र्याची ट्रंक, तिच्या आतल्या फोटोंवर पाणी कुठवर चढलं त्याची तपकिरी रेघ अजून आहे. टाकायचा विषय मी काढलाच नाही. ची-बी सांगून आत्या ऐकणार नव्हत्या हे पण माहीत होतं. मी नुसतं म्हटलं, माळ्यावर ठेवूया का. त्या लगेच उठल्या. "वरच ठिव. खालचं पयलं भिजतंय." पहिल्या मजल्यावर राहतोय आपण, हे मी बोलले नाही. अर्धा दिवस दोघी मिळून चढवत होतो, आणि खाली मोकळं झाल्यावर पहिल्यांदा झाडू आरपार गेला.

कॉटसमोरच्या कपाटाच्या आरशावर जुन्या खणाचा पडदा टाकलाय, नवरा दिवसा झोपतो तेव्हा खिडकीतला उजेड आरशातनं तोंडावर यायचा तो थांबला. उलट हॉलमध्ये मधल्या अंधाऱ्या पॅसेजच्या तोंडाला आरसा लावला, काचवाल्याकडनं ९०० रुपयांत, तर दुपारी लाइट लावायला लागत नाही.

आता दार. कन्सल्टंट म्हणाले पश्चिमेचं दार आहे, उपाय करावा लागेल, पिरॅमिड आणि चार हजार वेगळे. (पिरॅमिडचा आणि चीनचा काय संबंध ते मी विचारायला पाहिजे होतं.) त्यांना चहा देत आत्या म्हणाल्या, "अंबाबाईचं त्वांड पश्चिमंलाच हाय की ओ. तिला काय कमी पडलंय?" कोल्हापुरात यावर उत्तर नाही. चहा पिऊन गेले.

पिरॅमिडचा खर्च वाचला, पण दाराची वाट मोकळी ठेवा हे त्यांचं म्हणणं मी ऐकलं. चपलांचं स्टँड, मोडकी सायकल, रद्दी, सगळं दारापुढनं हललं. पावसाळाभर काही कळलं नाही. आत्ता ९-१०-११ नोव्हेंबरला, अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, म्हणजे मावळतीची किरणं आत मूर्तीपर्यंत येतात, त्या दिवसांत, साडेपाचच्या सुमाराला मान वर केली तर ऊन गॅलरीतनं दारातनं सरळ हॉलच्या मध्यापर्यंत आलेलं, आरशावर पडून माझ्या टेबलापर्यंत. इतकी वर्षं ते सायकलीवर पडत होतं. तेव्हापासून रोज आत्या खुर्ची ओढून त्या पट्ट्यात पाय सोडून बसतात आणि लसूण सोलतात. मला त्या वेळात स्क्रीनवर काही दिसत नाही. पडद्याचं माप घेऊन ठेवलंय, शिवायला अजून टाकलेला नाही.