युक्लिडिया: राक्षस नसलेला गणिताचा गेम

मुलगा यंदा दहावीला, सेमीमध्ये. भूमितीचा पेपर 40 मार्कांचा, आणि त्यातला भौमितिक रचना हा धडा म्हणजे हक्काचे मार्क असं जो तो सांगतो, त्यामुळे तो धडा कोणी समजावत बसत नाही, सरळ पाठ करून घेतात. कंस मारा, छेदा, जोडा. कंस तिथेच का मारायचा हे विचारलं की 'पेपरात येत नाही' हे ठरलेलं उत्तर.

याआधी आम्ही गणिताचा म्हणून एक गेम घेतला होता, नाव घेत नाही, त्यात उत्तर बरोबर आलं की राक्षस मरायचा. पोरगं इतकं तयार झालं की प्रश्न न वाचताच चारही पर्याय फटाफट दाबायचं, एक तरी लागतोच ना! म्हणजे गणित हे फक्त आत जायचं तिकीट, खेळ आत वेगळाच चाललेला. मग मी नाद सोडला होता.

मग हा युक्लिडिया नावाचा मोबाईल गेम घेतला, यात असलं काहीच नाही. पांढरा स्क्रीन, त्यावर एखादी रेघ नाहीतर वर्तुळ, आणि हातात फक्त पट्टी आणि वर्तुळ काढायचं टूल. पट्टीवर आकडे नाहीत, कोनमापक नाही, गुण्या नाही. पहिलंच कोडं 60 अंशाचा कोन, मग लंबदुभाजक, मग मध्यबिंदू, सगळं शाळेतलंच. पण रचना बरोबर आली म्हणून काम संपत नाही, ती किती कमी स्टेपमध्ये केली त्याचे स्टार आहेत. एल म्हणजे टूल किती वेळा वापरलं, ई म्हणजे नुसत्या पट्टी-कर्कटकाने केलं असतं तर किती वेळा. लंबदुभाजक एकदा जमला की त्याचं तयार टूल मिळतं, एलमध्ये ते 1 धरतात पण ईमध्ये 3, कारण दोन वर्तुळं आणि एक रेघ. मला हे फार आवडलं. आधी स्वतः करून दाखव, मग आयतं वापर.

खरी मजा आली ती रेषेवरच्या बिंदूतून लंब काढायच्या लेव्हलला. पुस्तकातल्या पद्धतीने चार स्टेप होतात, बिंदूवर एक वर्तुळ, ते रेषेला दोन ठिकाणी छेदतं तिथून दोन वर्तुळं, मग रेघ. गेम म्हणतो 3 मध्ये करा. दोन दिवस हा त्यावरच, जेवताना ताटाशेजारी मोबाईल, मी ओरडले पण रात्री तो झोपल्यावर मी पण तेच करत बसले, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी आतून हाक आली, "आई, अगं रेषेच्या बाहेर कुठेही केंद्र घ्यायचं!" म्हणजे असं, बाहेर कुठलाही बिंदू घ्या (आपल्या बिंदूच्या बरोबर डोक्यावरचा सोडून), तिथून आपल्या बिंदूतून जाणारं वर्तुळ काढा, ते रेषेला अजून एका ठिकाणी छेदेल, त्या ठिकाणाहून केंद्रातून रेघ ओढून व्यास काढा, व्यासाचं दुसरं टोक आपल्या बिंदूला जोडा. झाला लंब. मी विचारलं, अरे पण काटकोनच कशावरून? आधी गप्प, मग एकदम, "अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन असतो!" वर्तुळाच्या धड्यातलं हे वाक्य त्याने शंभरदा तरी घोकलं असेल, कामाला आलं ते पहिल्यांदा.

आता, तो प्रश्न मी विचारला, गेमने नाही. गेम फक्त आकृती बरोबर आली का बघतो, सिद्धता मागत नाही, त्यामुळे ठोकताळ्याने बिंदू जोडत जोडतही काही लेव्हल सुटतात. मूल एकटं सोडलं तर हाही राक्षस मारण्यासारखाच होऊ शकतो, शेजारी कोणीतरी 'का रे' म्हणणारं पाहिजे.

दुसरं म्हणजे सुरुवातीला अंतर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. शाळेत आपण कर्कटकात माप धरतो आणि सरळ पलीकडे ठेवतो, इथे केंद्र आणि वर्तुळावरचा एक बिंदू एवढंच. मुलगा वैतागला, मला पण वाटलं हा काय आडमुठेपणा. पण युक्लिड, म्हणजे ज्याच्यावरून गेमचं नाव पडलं तो जुना ग्रीक गणितज्ञ, त्याचा नियमच तसा आहे, अंतर हलवायचं कसं हे तो त्याच्या 'एलिमेंट्स' ग्रंथात, पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्याच प्रमेयात करून दाखवतो. ते टूल गेममध्ये नंतर मिळतं.

हाताला वळण मात्र यातून लागत नाही. स्क्रीनवर बिंदू आपोआप चिकटतो, कागदावर कर्कटकाचा स्क्रू ढिला असतो आणि पेन्सिल बोथट. कच्ची आकृती काढायची सवय तर मोडतेच, म्हणून रोज एक रचना वहीत करायचीच असा नियम केलाय, आणि पेपरात पुस्तकातलीच पद्धत लिही बाबा हे पण बजावून ठेवलंय. मार्कांसाठी घेणार असाल तर सराव प्रश्नपत्रिका बऱ्या.

परवा एक रविवार कोनाचे तीन सारखे भाग करण्यात घालवला त्याने. 90 अंशासारख्या काही कोनांचं जमतं, पण कुठलाही कोन दिला तरी चालेल अशी पट्टी-कर्कटकाची पद्धत असूच शकत नाही, व्हान्त्झेल नावाच्या फ्रेंच माणसाने 1837 सालीच सिद्ध केलंय, हे मी संध्याकाळी सांगितलं. सकाळीच का नाही सांगितलं म्हणून जाम भडकला.

फुकटात सुरू करता येतं, भाषा फारशी लागत नाही, आठवीच्या पुढच्या कुठल्याही पोराला द्यायला हरकत नाही. गेममधल्या लेव्हलच्या गटांना अल्फा, बीटा, गॅमा अशी नावं आहेत, तो आता बीटा संपवून गॅमात गेलाय, मी अजून अल्फातल्या शेवटच्या कोड्यावर, वर्तुळात चौरस बसवायचाय, बसलाय पण ईचा स्टार काही मिळत नाहीये. तो म्हणतो सांगू का, मी म्हणलं गप्प बस.