रेग्युलेटरची दुरुस्ती शिकण्याच्या नावाखाली गेलेले ५२,६५० रुपये

बडोद्याला समुद्र नाही आणि स्कूबा डायव्हिंगची साधने दुरुस्त करणारे दुकानही मला येथे कधी सापडलेले नाही. मालवण, नेत्राणी किंवा द्वारकेजवळचे शिवराजपूर येथे वर्षातून दोन-तीनदा पाण्यात उतरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला आपला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वास घेण्याजोग्या दाबाने तोंडापर्यंत आणणारे साधन, दर वेळी कुरिअरने परगावी पाठवावा लागतो. तो स्वतःच उघडून साफ करता यावा, ही माझी इच्छा त्यातून आलेली होती. तीत हाव नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो. बहुतेक कंपन्या सर्व्हिस किट, म्हणजे दुरुस्तीत बदलायच्या सुट्या भागांचा संच, केवळ अधिकृत तंत्रज्ञांनाच विकतात आणि ही दुरुस्ती शिकवतो म्हणणाऱ्या एका माणसाने आमची नेमकी हीच नड हेरली होती. मोबाइलवर थेट शिकवणी, प्रमाणपत्र आणि मूळ कंपनीचे किट आयुष्यभर मिळण्याची हमी, असे त्याचे आश्वासन होते. अशी मंडळी विश्वास कसा संपादन करतात हे सर्वांना ठाऊक आहे, ते उगाळत नाही. शिकवणीचे २८,५०० रुपये मी पहिल्याच दिवशी भरले, तेही कोणत्याही संस्थेच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यात.

दुसऱ्या रविवारी जे घडले ते आठवले की आजही झोप उडते. फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा टाकीला जोडलेला भाग, टाकीतला सुमारे २०० बारचा दाब उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबाहून साधारण ९ ते १० बार अधिक इतक्यावर आणते आणि हा मधला दाब सेकंड स्टेजकडे, म्हणजे तोंडात धरायच्या भागाकडे, जातो, एवढे मला माहीत होते. मी विचारले, ‘‘सर, जोडणी झाल्यावर मधला दाब कितीवर लावायचा?’’ तो जराही न अडखळता म्हणाला, ‘‘टाकीत असेल तितका. दोनशे.’’ तेवढा दाब पुढच्या नळीत शिरला तर सेकंड स्टेजमधून हवा अखंड वाहत सुटेल किंवा नळीच फुटेल. ज्याने आयुष्यात एकदाही दाबमापक लावून रेग्युलेटर तपासला आहे, तो झोपेतही असे उत्तर देणार नाही. मी वहीत २०० लिहिले, पुढे प्रश्नचिन्ह काढले आणि त्याने प्रश्न नीट ऐकला नसेल अशी स्वतःची समजूत घातली. पडद्यावर सफाईने चालणारे हात दिसत होते, म्हणून मी विसंबलो; ती चित्रफीत दुसऱ्याच कोणाची होती आणि याचा केवळ आवाज होता, हे फार उशिरा कळले. त्याच संध्याकाळी मी अवजारे आणि किटसाठी १७,८०० रुपये पाठवले, चार दिवसांनी कस्टम्सच्या नावाने आणखी ६,३५० रुपये. म्हणजे प्रश्नचिन्ह काढल्यानंतर २४,१५० रुपये गेले. वही अजून माझ्याकडे आहे.

खोक्यात ॲलन कीचा एक संच, नाव नसलेल्या ग्रीसची ट्यूब, साध्या नळकामाच्या वाटाव्यात अशा बारा ओ-रिंगा (सांध्यातून गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) आणि एक डायाफ्राम (दाबाने हलणारा लवचीक पडदा) निघाला. माझी फर्स्ट स्टेज पिस्टन जातीची आहे. तिच्यात डायाफ्राम नसतोच, आणि मॉडेलचे छायाचित्र मी त्याला दोनदा पाठवले होते. दिवाळीत पुतण्याचाही रेग्युलेटर मीच उघडणार होतो. या ओ-रिंगा बसवून तो मुलगा १८ मीटरवर गेला असता, हा विचार पैशांपेक्षा जास्त जाळतो.

यानंतर पोलीस ठाण्याच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी, पैसे तुम्हीच पाठवलेत आणि वस्तूही मिळाली, मग ही फसवणूक कशी, असे ऐकवण्यात आले. ‘‘काका, या वयात पाण्यात कशाला उतरता?’’ असेही विचारले गेले, जणू गुन्हा माझाच होता. तिसऱ्या दिवशी लिहून घेतलेल्या अर्जात ‘स्कूटरचे सुटे भाग’ असे होते. मी दुरुस्ती मागितली तेव्हा तो माणूस परराज्यातला असल्याने तिकडे जा, असे सांगण्यात आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते, हे मी त्यांना दाखवले, तर कागद बाजूला सरकवला गेला. बँकेने पिन तुम्हीच टाकलात असे एका ओळीत कळवून तक्रार बंद केली. आम्ही कर भरतो तो अशी उत्तरे ऐकण्यासाठी भरतो काय?

पैसे गेल्याचे कळताच त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. मी लाजेपायी १९ दिवस घालवले आणि तोवर ते खाते रिकामे झाले होते. शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी मधल्या दाबाचा आकडा विचारा. उत्तर चुकले तर तेथेच थांबा, भरलेल्या पैशांचा मोह धरू नका. दाबमापकाचा उल्लेखही न करता जो रेग्युलेटर उघडायला शिकवतो, त्याच्याकडून काहीही शिकू नका. खोके, पाकीट, संभाषण यांतले काही टाकू नका.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही, म्हणून मी येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. त्यासोबत वहीतल्या त्या पानाची प्रत जोडली आहे.