घाटातल्या पावसात पारखलेली गाडी: आतल्या सोयींचा अठरा महिन्यांचा अनुभव

गाडी घेऊन अठरा महिने झाले आणि किलोमीटरचा आकडा २२ हजारांच्या पुढे गेला. पुण्यातले रोजचे ऑफिस आणि महिन्या-दीड महिन्याला चिपळूणजवळचे गाव, असा तिचा दिनक्रम आहे. गावाला जाताना कधी ताम्हिणी, तर कधी कराडवरून कुंभार्ली घाट उतरावा लागतो. चार मीटरच्या आतली, पेट्रोलवर चालणारी, ऑटोमॅटिक गिअरची ही एसयूव्ही आहे आणि आम्ही तिचा सर्वांत वरचा व्हेरिएंट घेतला आहे. इंजिन आणि मायलेज यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून येथे मी केवळ आत बसल्यावर हाताला, डोळ्यांना आणि पाठीला जे जाणवते त्याविषयी, आणि त्याचा सुरक्षित गाडी चालवण्याशी असलेल्या संबंधाविषयी लिहिणार आहे. गाडीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. ज्या खोडी मला जाणवल्या त्या या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत थोड्याफार फरकाने आहेत, आणि नाव घेतले की बोलणे त्या नावाभोवतीच फिरत राहते.

सुरुवात बसण्यापासून केली पाहिजे. चालकाच्या सीटची उंची कमी-जास्त करता येते आणि स्टिअरिंग वर-खाली होते, मात्र ते पुढे-मागे होत नाही. शोरूममध्ये ही उणीव मला क्षुल्लक वाटली होती, कारण माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे आणि माझे काही अडले नाही. माझी पत्नी जेमतेम पाच फूट आहे. ब्रेक पूर्ण दाबता यावा म्हणून तिने सीट पुढे ओढली, तेव्हा तिची छाती स्टिअरिंगला जवळजवळ टेकल्यासारखी दिसू लागली. शिवणाच्या डब्यातली टेप आणून मोजले, तर अंतर २१ सेंटिमीटर भरले. स्टिअरिंगमधली एअरबॅग पापणी लवण्याच्या आत फुगते आणि त्या वेळी तिचा जोर प्रचंड असतो, म्हणूनच छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर राखावे असे सांगितले जाते. सीट दोन खटके वर घेतली, पाठ किंचित मागे कलती केली आणि स्टिअरिंग सर्वांत खालच्या स्थितीत आणले, तेव्हा कुठे ते अंतर २६ वर गेले. सीट वर गेल्यामुळे तिला बॉनेटची कडाही दिसू लागली, हा वरचा फायदा. घरात दोघे गाडी चालवत असतील आणि दोघांच्या उंचीत फरक असेल, तर पुढे-मागे होणारे स्टिअरिंग ही चैन नव्हे. गाडी पाहायला जाताना दोघांनीही सोबत जावे आणि टेपही न्यावी.

आता पडद्याकडे वळतो, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे. डॅशबोर्डच्या मधोमध १०.२५ इंचांचा टचस्क्रीन आहे. चित्र सुरेख दिसते, नकाशा उन्हातही वाचता येतो, आवाज उत्तम आहे. त्याच्या खाली एसीसाठी काळ्या काचेसारखी सपाट पट्टी असून पंख्याची गती, तापमान, हवेची दिशा आणि पुढची काच साफ करण्याची सोय हे सगळे त्या पट्टीवर बोट टेकवून चालवायचे आहे. पट्टीला उंचवटा नाही, खाच नाही, खटका नाही. दिवसा, सिग्नलला उभे असताना ती फार देखणी वाटते.

मागच्या ऑगस्टमध्ये रात्री साडेआठच्या सुमारास ताम्हिणी उतरताना तिची खरी परीक्षा झाली. गाडीत चौघे होतो, मागे दोन ओल्या छत्र्या आणि वाटेत भिजलेले कपडे होते, आणि मुळशीपर्यंत धूर नको म्हणून मी बाहेरची हवा बंद ठेवली होती. एका वळणानंतर पुढची काच खालच्या कडेपासून पांढरी होऊ लागली आणि पाहता पाहता माझ्या नजरेच्या रेषेपर्यंत चढली. काय करायचे ते मला ठाऊक होते: एसी चालू ठेवून बाहेरची हवा आत घ्यायची आणि झोत काचेवर सोडायचा. एसीमुळे हवेतले बाष्प निघून जाते आणि ती कोरडी हवा काचेवरचा थर पुसते. परंतु ते चिन्ह सपाट पट्टीवर नेमके कुठे आहे हे बोटाने चाचपून कळत नव्हते, पहिला स्पर्श शेजारच्या चिन्हावर पडला आणि पंखाच मंदावला. मी पट्टीकडे पाहिले. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. मी तीन सेकंद खाली पाहिले असेन, म्हणजे ३३ मीटर. ताम्हिणीत तेवढ्यात एक वळण सहज संपते. काही झाले नाही, एवढेच म्हणता येईल.

२०२२ मध्ये स्वीडनमधील ‘वी बिलेगारे’ या मोटारविषयक मासिकाने ताशी ११० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाड्यांत चालकांना रेडिओ, एसी अशी काही नेहमीची कामे करायला लावून वेळ मोजला होता. २००५ च्या बटणांच्या व्होल्वोत ती कामे दहा सेकंदांत आटोपली, तर पडद्यावर चालणाऱ्या एका नव्या गाडीत त्यांना जवळजवळ ४५ सेकंद लागले. युरोपातील गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ पासूनच्या आपल्या निकषांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न आणि धोका दाखवण्यासाठी एकदम लुकलुकणारे चारी इंडिकेटर यांसारख्या गोष्टींना स्वतंत्र बटण किंवा दांडा असण्याला महत्त्व दिले आहे. आमच्या गाडीत या चारही गोष्टींना बटण वा दांडा आहे, हे मान्य करतो. परंतु कोकणाकडे उतरणाऱ्या माणसाला पावसाळ्यात काच साफ करण्याची सोय वायपरइतकीच गरजेची असते. मनाला अधिक टोचणारी गोष्ट अशी, की याच गाडीच्या मधल्या व्हेरिएंटमध्ये एसीला तीन गोल, खाचा असलेल्या फिरक्या आहेत आणि त्या डोळे झाकूनही चालवता येतात. अधिक पैसे मोजून मी त्या गमावल्या.

त्या रात्रीनंतर मी काही सवयी लावून घेतल्या. घाट सुरू होण्यापूर्वी गाडी कडेला घेऊन तापमान २४ वर ठेवतो, बाहेरची हवा चालू करतो आणि झोत काचेवर सोडतो. नकाशा आणि गाणी गाडी हलण्यापूर्वीच लावतो. घाट उतरून माणगावच्या दमट हवेत शिरले की कधी कधी याच्या उलट होते. काच आतून थंडगार झालेली असते आणि बाष्प बाहेरच्या बाजूला जमते. अशा वेळी एसी वाढवून उपयोग नसतो. वायपर फिरवायचा आणि तापमान दोन अंशांनी वर न्यायचे. काच हाताने पुसून पाहिली की थर आत आहे की बाहेर हे लगेच कळते, मात्र ते काम शेजारी बसलेल्याने करावे.

सीटबेल्टच्या बाबतीत गाडी चांगली आहे. पाचही जागांना तीन टोकांचा पट्टा आहे आणि मागे कोणी पट्टा लावला नाही तर समोर चित्र उमटून सूचक आवाज येतो. तरीही पहिले काही महिने आईचे म्हणणे एकच होते: “अरे, मागे बसलेल्यांना कसला पट्टा? आम्ही काय गाडी चालवतोय?” ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, हे तिने वर्तमानपत्रात वाचले होते. तरी सवय होण्यासाठी तिला पट्टा बोचू नये इतकी तजवीज करावी लागली. साडी नेसलेल्या माणसाच्या कमरेशी निऱ्या आणि पदर यांचा जाड थर असतो आणि पट्टा त्यावरून गेला की सैल राहून पोटावर चढतो. पदर बाजूला घेऊन खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर सपाट बसवायचा, वरचा खांद्याच्या मध्यावरून घ्यायचा आणि मग ओढून ढील काढायची, हे दोनदा दाखवल्यावर तिची कुरकुर थांबली. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे आणि न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. परंतु दंडाच्या भीतीने लावलेला सैल पट्टा फारसा कामाचा नाही.

पट्टा न लावता आवाज बंद करणाऱ्या क्लिपा बाजारात मिळत असत. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या हटवण्याचे आदेश दिले. आमच्या ओळखीतल्या दोन गाड्यांत त्या अजून आहेत. पट्ट्याचा आवाज असह्य वाटणारा माणूस दिवसभर विनाकारण हॉर्न वाजवतो, याचे मला नवल वाटत आले आहे.

मागे मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सचे, म्हणजे ती सीट थेट गाडीला अडकवण्याच्या कड्यांचे, दोन संच आहेत. कड्या गादीत खोल दडलेल्या असल्याने पहिल्या वेळी अर्धा तास झटापट झाली, पण एकदा ‘खट्’ असा आवाज आला की सीट हलत नाही. मुलाच्या सीटचा वरचा पट्टा मागच्या सीटच्या पाठीमागे अडकवण्यास विसरू नये. त्याशिवाय सीट पुढे झुकते. आमची चार वर्षांची मुलगी आता आपणहून त्यात चढते.

गाडीत सहा एअरबॅग आहेत: दोन समोर, दोन पुढच्या सीटांच्या बाहेरील कडेत आणि दोन खिडक्यांच्या वर छतात. त्यांच्याशी निगडित एक प्रसंग सांगायला हवा. गाडी ताब्यात घेण्याच्या आदल्या दिवशी ॲक्सेसरीज विकणारा तरुण म्हणाला, “साहेब, सीटकव्हर आत्ताच घालून घ्या, नाहीतर दोन महिन्यांत कापड काळं पडेल. सगळेच घालतात.” मी पुढच्या सीटच्या कडेला शिवलेली, नखाएवढी कापडी पट्टी त्याला दाखवली. तिच्यावर ‘एअरबॅग’ असे लिहिलेले होते. त्या कडेतली शिवण फाटून एअरबॅग बाहेर यायची असते आणि वरून घट्ट बसवलेले जाड कव्हर तिची वाट अडवू शकते. त्याने वाकून ती पट्टी वाचली, थोडा वेळ काहीच बोलला नाही, आणि मग म्हणाला, “मग सर, निदान मॅट तरी घ्या.” मॅट घेतली, पण चालकाच्या पायाखालची मूळ खुंट्यांत अडकणारीच ठेवली, कारण सुटी मॅट सरकून पेडलखाली गेली की ब्रेक पुरता दाबला जात नाही.

डॅशबोर्डावर गणपती बसवण्याची आमच्याकडेही रीत आहे. पितळेची मूर्ती डाव्या बाजूला, म्हणजे नेमकी एअरबॅगच्या झाकणावर चिकटवायची, असा घरातला बेत होता. ते झाकण उघडले तर मूर्ती कोणाच्या तोंडावर येईल, हे सांगितल्यावर आईनेच ती गिअरच्या पुढच्या खोलगट कप्प्यात ठेवली. खिडकीवरच्या आधाराच्या मुठीला हँगर लावून शर्ट टांगण्याची माझी सवयही याच कारणाने सुटली. छतातली एअरबॅग तिथूनच खाली येते.

आरशांविषयी थोडक्यात. आतला आरसा मागच्या गाडीचा प्रखर प्रकाश पडताच आपोआप काळवंडतो आणि खंबाटकीच्या रात्रीच्या रांगेत त्याचे मोल कळते. बाहेरचे आरसे मोठे आहेत, पण पुढचा खांब रुंद असल्याने उजव्या वळणावर एखादी दुचाकी त्याच्या आड पूर्ण लपते; मान पुढे काढून पाहण्याला पर्याय नाही. चारी इंडिकेटरचे लाल बटण हाताला इतक्या सोयीच्या जागी आहे की पावसात किंवा बोगद्यात ते दाबण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण ते चालू असताना आपण कोणत्या बाजूला वळणार आहोत हे मागच्याला कळू शकत नाही.

उतारावर ही गाडी ‘डी’मध्येच, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या नेहमीच्या स्थितीतच, ठेवली तर ती वरचा गिअर घेऊन मोकळी पळू लागते आणि सारा भार ब्रेकवर येतो. कुंभार्ली उतरताना मी गिअर हाताने दुसऱ्यावर आणतो, इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक केवळ वळणापूर्वी लागतो. गिअर बदलण्याची पाने (पॅडल) स्टिअरिंगमागे असल्याने हात सुटत नाही. मला या गाडीतली ही सर्वांत आवडलेली सोय आहे. चढावर थांबल्यावर गाडी दोनेक सेकंद मागे सरकत नाही, तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर नेता येतो. चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेमुळे जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरते. एकदा आमच्या गावच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली तेव्हा पत्नीने त्या थरथरीला घाबरून पाय उचलला होता. मग एका रिकाम्या मैदानावर आम्ही दोघांनी चार-पाच वेळा मुद्दाम ब्रेक दाबून तो अनुभव घेतला.

रस्त्यावर रंगवलेले पट्टे ओळखून गाडी लेनमध्ये ठेवणारी यंत्रणा कोकणातल्या रस्त्यावर निरुपयोगी आहे. मुंबई-गोवा महामार्गावर कित्येक ठिकाणी पट्टाच नसतो, आणि काचेमागचा कॅमेरा चिखलाने झाकला की ती स्वतःच बंद पडल्याचे कळवते. समृद्धी महामार्गावर मात्र ती आणि समोरच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, दोन्ही नीट चालले. तिथे अडचण निराळी आहे. ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला सरळ, सपाट रस्ता आणि पायाला काम नाही, अशा स्थितीत तासाभराने माझे डोळे जड झाले, म्हणून परतीच्या वाटेवर मी क्रूझ लावलाच नाही. सनरूफ आम्ही दोनदा उघडला. मुलीला त्यातून डोके बाहेर काढायचे होते. ते होणार नाही, हे कळल्यावर तिचा त्यातला रस संपला.

गाडी पुन्हा घ्यायची झाली तर मी हीच घेईन, मात्र मधला व्हेरिएंट घेईन. त्यात सहाही एअरबॅग आहेत, मागचा वायपर आहे, आयसोफिक्स आहे, स्टिअरिंगमागची पाने आहेत आणि एसीला त्या तीन गोल फिरक्या आहेत. फक्त सनरूफ, लेनची यंत्रणा आणि मोठा पडदा नाही. तेव्हाही मी तोच मागितला होता. त्यासाठी सात आठवडे थांबावे लागेल असे शोरूमने सांगितले, सनरूफवाली गाडी मागच्या आवारात तयार उभी होती, आणि गणपती पंधरा दिवसांवर आले होते.