सेंदाईची अर्ध्या दिवसाची मासामुने टूर: गाईड भारी, प्लॅनिंग बोगस

टोक्योहून शिनकान्सेनने दीड तासात सेंदाई, म्हणून एका शनिवारी दाते मासामुनेवरची, म्हणजे सेंदाई वसवणाऱ्या सरदारावरची, वॉकिंग टूर ऑनलाइन बुक केली. कंपनीचं नाव घेत नाही. गाईड एक नंबर होता म्हणून पैसे वसूल झाले एवढंच.

त्याचा सेंदाईचा किल्ला बघायला म्हणून जाल तर हिरमोड होईल. आपल्या डोक्यात गड म्हणजे बुरूज, दरवाजे, इथे टेकडीवर दगडी तट आणि घोड्यावरचा मासामुने, संपलं. मुख्य मनोरा त्याने कधी बांधलाच नाही, 1601 ला काम काढलं तेव्हा सेकिगाहाराची लढाई होऊन वर्षही झालं नव्हतं आणि ती जिंकून जपानचा सर्वेसर्वा झालेल्या इएयासूच्या डोळ्यात खुपेल असं काही नको होतं, असं गाईडचं म्हणणं. मला पटलं, कारण या माणसाचं अर्धं आयुष्य वरच्या सत्ताधाऱ्यांच्या तावडीतून निसटण्यातच गेलंय.

लहानपणी देवी येऊन उजवा डोळा गेला, 1584 ला मिसरूड फुटायच्या वयात गादी, पुढच्याच वर्षी बापाला शत्रूने पळवलं आणि त्यात तो गेला. 1590 ला तेव्हाचा सर्वेसर्वा हिदेयोशीने ओदावाराच्या किल्ल्याला वेढा घातला, याला मदतीला बोलावलं तर हा उशिरा पोचला, तोही म्हणे मरणाचे पांढरे कपडे घालून. वाचला. मग बंडाला फूस दिल्याचं पत्र पकडलं गेलं, खाली सही त्याचीच, धोबी पक्ष्याच्या आकाराची. तर हा म्हणाला, माझ्या खऱ्या सहीत पक्ष्याच्या डोळ्याला सुईचं भोक असतं, याला कुठंय? थोडी दंतकथा असेलही, पण गाईडने तिथंच तिकिटाच्या मागे पक्षी काढला, पिनेने भोक पाडलं आणि उन्हात धरून दाखवला, आमच्या ग्रुपमधली पोरंसुद्धा गप्प झाली. जीव वाचला तरी योनेझावाची घरची जमीन गेलीच, इवादेयामाला जावं लागलं.

खरी बघायची जागा झुइहोदेन, त्याची समाधी. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, आत्ताची 1979 ची आहे, काळ्या लाकडावर सोनं न् रंगांचं काम. त्याआधी 1974 ला खोदकाम केलं तेव्हा कळलं की स्वारी 159.4 सेंटीमीटर उंच होती, आणि सोबत पुरलेल्या वस्तूंमध्ये चक्क पेन्सिल निघाली! 1613 ला आपल्या हासेकुरा नावाच्या माणसाला जहाज देऊन मेक्सिको, स्पेनमार्गे रोमला पाठवणारा माणूस, त्याच्याकडे नसेल तर कुणाकडे असणार.

आणि इथे कंपनीने वेळ किती दिला तर वीस मिनिटं. नंतर गिफ्ट शॉपमध्ये पाऊण तास बसवून ठेवलं, तिथे झुंदा मोची खाल्ली, हिरव्या सोयाबीनचं गोड वाटण, पुरणाच्या जवळपास जातं, आवडली.

गाईडला पाच, कंपनीला दोन. आईबाबांना नेणार असाल तर झुइहोदेनला पायऱ्या बऱ्याच आहेत.